बिनखताचा वाफा

"बिनखताच्या वाफ्यातून सगळ्यांत जास्त गॅस?" संचालकांनी कागद टेबलावर आपटला. "इंधनासाठी गवत वाढवताना खतापायी जमिनीतून हवा तापवणारा गॅस किती निघतो, एवढंच मोजायचं होतं. तेही जमेना? सोमवारी नीट आकडे द्या, नाहीतर काम दुसऱ्याकडे देतो."

संशोधक बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर गवतात डबे पालथे घालून, सिरिंजने त्यांतली हवा ओढून ओढून त्यांची बोटं सोलवटली होती. त्यांनी नळ्या बदलल्या, डबे बदलले, यंत्रवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. गॅस मोजायचं यंत्र ठणठणीत होतं. बिनखताचं गवत मध्येच हिरवंगार झालं, तेव्हा जमीनच कसदार असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता त्याचाही संताप आला. कोणीतरी वाफ्यात लुडबुड करत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गवतात दबा धरून बसल्या. डास फोडून काढत होते. इतक्यात फाटकातून जेवणाचा डबा घेऊन त्यांचे सासरे आत आले. त्यांनी डबा खाली ठेवला, पिशवीतून मूठभर युरिया काढला आणि नेमका त्याच वाफ्यावर मायेने भुरभुरला.

"बाबा, काय करताय हे?"

"अगं, केवढं दचकवलंस. हे एकटंच पिवळं पडलं होतं बिचारं. तुला नावं ठेवतील लोक, म्हणून घालतो थोडं."

"त्याला उपाशीच ठेवायचं होतं, बाबा. तुलनेसाठी. माझं अख्खं वर्ष मातीत घातलंत तुम्ही. आता साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते चपलेने माती उकरत राहिले.

"साहेब नाही रागवायचे," ते हळूच म्हणाले.

"का नाही?"

"तेही घालतात ना. पाहुण्यांना पिवळं गवत दाखवायची लाज वाटते म्हणाले. मला माळी समजतात. सुरुवातीला दोघांचं मिळून जास्त झालं, पाती करपायला लागली. मग आम्ही वार वाटून घेतले. युरियाही तेच आणून देतात."

बाईंनी जेवणाच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. युरियाची पिशवी उचलली आणि तरातरा संचालकांच्या खोलीकडे निघाल्या.

"अगं, आज कशाला नेतेस?" सासरे मागून म्हणाले. "त्यांचा वार उद्या आहे."