कडावकर अंबूबाईंनी पोटच्या पोराचे पालकत्व जिंकिले, त्याची हकीकत

श्री ग्रामदैवत समर्थ. कडाव, प्रांत कर्जत, येथील अंबूबाई नामे म्हशी राखणारी बाई, तिणे स्वतः जन्म दिलेल्या पुत्रावरील हक्क सरकारातून कैसा मिळविला, हे पुढील जनांस ठावे असावे म्हणोन यथास्थित लिहिले असे.

अंबूबाईंचा एकुलता पुत्र हिरू. देहाने तिशी उलटलेला, मनाने सहा वर्षांचा. म्हशींची नावे जाणे, घराची वाट जाणे, परंतु व्यवहार न जाणे. आणि दुखले खुपले तर आपले न सांगता समोरच्यासच पुसे की, तुझे दुखते काय. पिता कैलासवासी. ऐशा हिरूचे पोटी हर्निया उतरला आणि डॉक्टर बोलिले की, शस्त्रक्रिया करावी, आतडे अडकले तर प्राणाशी गाठ. मग अंबूबाईंनी अंगठा पुढे केला, तो इस्पितळातून हुकूम सुटला की, रोगी अठरा वर्षांवरील, सबब स्वतंत्र. आईचा अंगठा चालत नाही, रोग्याने कागद समजोन स्वतः सही द्यावी. सरकारने हिरूस स्वातंत्र्य कधीचेच बहाल केले होते, फक्त हिरूस कळवावयाचे राहिले होते. उपाय पुसता उत्तर आले की, जिल्ह्याची समिती पालकत्वाची सनद देते, ती आणावी.

मग बाईंनी म्हशी शेजारीण सुंदरेचे हवाली केल्या, भाकरी बांधिली, हिरूस नवा सदरा चढविला आणि एसटीने कूच केले. आणि खालापूर, पेण ऐसे मुलूख मागे टाकीत जिल्ह्याचे कचेरीस वेढा घातला. तेथे कारकून बोलिला, साहेब ठरवितील; साहेब बोलिले, वरून ठरेल; वरचे बोलिले, समिती ठरवील; आणि समिती केव्हा बसावयाची, हे कोणीच ठरवीना. ऐसे आपला निर्णय आपण न घेऊ शकणारे प्रौढ पुरुष तेथे दालनोदालनी गादीवर विराजमान होते. त्यांस पालक नेमण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही. बाई परतल्या, पुनः गेल्या, पुनः परतल्या. हिरू खिडकीशी बसोन खुशाल, कारण त्यास एसटी प्रिय.

इतक्यात भाऊबंदकीने निशाण उभारिले. हिरूचा चुलतभाऊ साईनाथ, मुंबईकरांस फार्महाऊसच्या जागा दाखविणारा सरदार. हिरूचे वाट्याची भातजमीन नव्या रस्त्यालगत आली, तेणेकरून साईनाथाचे अंतःकरणी बंधुप्रेमाचा पूर लोटला. ज्याने जन्मात एक केळे आणिले नव्हते, त्याने काळा चष्मा आणिला, हिरूचे डोळ्यांवर चढविला, गळ्यात हात टाकोन फोटो काढिला आणि ‘माझा भाऊ, माझी जबाबदारी’ ऐसे स्टेटस ठेविले. मग समितीस अर्ज गुदरला की, काकू वृद्ध, डोळ्यांत मोतीबिंदू, सबब पालकत्व आपणांस मिळावे.

वृत्त ऐकोन अंबूबाई गोठ्यात जावोन बसल्या. शेण तसेच राहिले.

“मी मेल्यावर याचं काय, हा घोर व्हता,” त्या सुंदरेस बोलिल्या. “आता मी जिती असतानाच नेतात गं त्याला.”

अखेर समिती बसली. मुख्य आसनी एक बाईसाहेब. साईनाथाचे पक्षी कडक इस्त्री आणि वकील. अंबूबाईंचे पक्षी हिरू. बाईसाहेबांनी हिरूस पुसिले की, कोणापाशी राहणार. एसटीचे धक्क्यांनी हिरूचा हर्निया पुनः उतरला होता, कपाळी घाम डवरला होता. तो साईनाथाकडे वळला.

“दादा, तुजं पोट दुखतंय का रं?”

“मला काय झालंय? धडधाकट हाय मी!” साईनाथ हसला. “म्याडमकडं बघ. सांग, दादाकडं राहतो म्हणून.”

मग हिरूने आईस पुसिले, “आय, तुजं दुखतंय?”

अंबूबाई उठल्या. दरबाराची परवानगी न घेता त्यास फरशीवर निजविले, गुडघे उभे केले आणि पोटावर हात ठेविला. “व्हय रं बाळा. लय दुखतंय. हळूहळू श्वास घे.”

हिरूचा चेहरा सैल जाहला. मग वकिलाने तोंड उघडिले, तो बाईसाहेबांचा हुकूम जाहला की, मिटावे. साईनाथाचा अर्ज खारीज. सनद अंबूबाईंचे नावे, शिक्का आजच. एका दिवसात काही ठरले, हे पाहोन कचेरीस घेरी आली.

मग विजयी फौज कर्जतेस इस्पितळी दाखल जाहली. डॉक्टर बोलिले की, आता रोग्यास पुसण्याची गरज नाही, पालकाने अंगठा द्यावा. अंबूबाईंनी अंगठ्यास शाई लाविली आणि हात तसाच अधांतरी धरिला.

“हिरू, पोट कापून नीट करायचंय. कापू दे का रं?”

हिरूने बराच विचार केला. “तू येशील?”

“दारापातुर येते. आत नाय घेत.”

“मंग नाय.”

“नाय म्हणतोय,” अंबूबाई डॉक्टरांस बोलिल्या, आणि अंगठा पदराआड नेला.

नर्स खोळंबल्या, भूल देणारे खोळंबले. अखेर डॉक्टरांनी तह केला की, भूल चढेतो आईने हिरवा झगा घालोन आत हात धरोन उभे राहावे. हिरू बोलिला, “बरं. कापा.” तेव्हा कोठे अंगठा कागदी उमटला.

येणेप्रमाणे शस्त्रक्रिया सुखरूप आणि मोहीम फत्ते जाहली. दप्तरी नोंद राहावी की, सनद अंबूबाईंची, हुकूम हिरूचा.