अकरा सेकंदांचा राग

रविवारी संध्याकाळी पाच वाजता धवलने ग्रुपवर अकरा सेकंदांचा आवाज पाठवला, खाली 'राग ओळखा' असं लिहिलं, आणि आईने, म्हणजे गुणमालाबाईंनी, हाक मारली म्हणून फोन तिथंच ठेवून तो जेवायला गेला. गुणमालाबाईंच्या घरी सूर्य मावळल्यावर ताट वाढलं जात नसे, आणि डिसेंबरात सांगलीचा सूर्य कुणासाठी थांबत नाही.

धवल फिजिक्सचा एम. एस्सी. कुपवाडच्या एका कारखान्यात तो माल तपासायचं काम करायचा. ग्रुप होता संगीतवेड्यांचा, सातारा-सांगलीकडच्या एकतीस माणसांचा. दर रविवारी कुणीतरी एक जण कोडं घालायचा. नियम एकच, पण कडक होता. उत्तर सरळ लिहायचं नाही. आपल्याला कळलंय एवढं पटेल अशी आडवळणाची खूण लिहायची, म्हणजे इतरांचा खेळ मोडत नाही. सात वाजता कोडं घालणारा उत्तर फोडायचा आणि ज्यांच्या खुणा जुळल्या त्यांना हिरवी टिकली द्यायचा.

धवलची ही पहिलीच पाळी होती. तोडी रागाचे स्वर उलट्या क्रमाने वाजवून त्याने तीन आठवडे हे कोडं घासलं होतं, आणि तेही एका माणसासाठी. मिरजेचे हाफिजचाचा पंचेचाळीस वर्षं सतारी घडवत होते. सतारीच्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवून तारेला झंकार देतात, त्याला जवारी काढणं म्हणतात. चाचा जवारी काढताना जवळ कुणालाही बसू देत नसत. पण मागे एकदा ते ग्रुपवर बोलून गेले होते की, ज्याचं कोडं मला सुटणार नाही त्याला शेजारी बसवीन. चाचांना न सुटलेलं कोडं अजून निघालं नव्हतं. आणि अर्धा मिलिमीटर हाड घासल्यावर तारेचा आवाज इतका कसा बदलतो, या प्रश्नाने धवलची दोन वर्षं झोप उडवली होती.

जेवून तो परत आला तेव्हा चौदा खुणा आल्या होत्या. खंडाळ्याच्या इंद्रजितसरांनी लिहिलं होतं, 'बोगदा संपला की उजेड दिसतो. आणि शेवटचा तो खर्ज! अंगावर काटा आला.' साताऱ्याच्या अफसाना गाणं शिकवायच्या. त्यांनी 'आज किल्ल्यावर ढग उतरलेत' एवढंच लिहिलं होतं. आष्ट्याच्या चंदनाने 'आजीची जुनी शाल' असं लिहून पुढे तीन टिंबं दिली होती.

धवल खूश झाला. मग थोडा गोंधळला, कारण तोडीत खर्जावर शेवट त्याने केलाच नव्हता. त्याने आपणच पाठवलेला आवाज लावून ऐकला.

ते कारखान्यातलं ग्राइंडिंग मशीन होतं. मशीनची थरथर तपासायला तो असे आवाज फोनमध्ये भरून ठेवायचा. घाईत शेजारच्या फाइलवर बोट पडलं होतं. शेवटचा खर्ज म्हणजे मशीनवर काम करणाऱ्या धनपालकाकांचा खोकला.

गुणमालाबाई भांडी आवरताना ऐकत होत्या. "मशीन लावून काय बसलाईस? आन् खोकतंय कोण?"

"चौदा जणांना यात राग सापडलाय, आई."

"मग चौदा जणांस्नी कान दाखवून या म्हन की."

तेवढ्यात चाचांचा मेसेज आला. 'न्हाई सुटलं. हरलो.'

धवल खुर्चीत बसला. जे हवं होतं ते मिळालं होतं. आता फक्त सात वाजता 'तोडी' लिहायचं होतं. चौदाच्या चौदा जण माना डोलावणार, याची त्याला खात्री होती. त्याने 'तोडी' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पण रोज मापं घेऊन खाली सही करणाऱ्या माणसाला न घेतलेलं माप लिहवेना. शेवटी सातला पाच मिनिटं असताना त्याने खरं काय ते लिहून टाकलं. फाइल चुकली, हे कुपवाडचं ग्राइंडिंग मशीन आहे, खोकला धनपालकाकांचा, क्षमा असावी.

मग इंद्रजितसरांनी लिहिलं, 'मी तेच म्हणत होतो. बोगदा कशाने पडतो? मशीननेच.'

अफसानांनी विचारलं की, ढग उतरले म्हणजे घरघर आलीच, यात वेगळं काय सांगायचं? चंदनाने कळवलं की शाल जुनी होते ती घासून घासून, आणि ग्राइंडिंग म्हणजे दुसरं काय असतं? एकामागून एक चौदाही खुणा मशीनला चपखल बसल्या. धवलने त्या काळजीपूर्वक तपासल्या. एकही चूक म्हणता येईना. त्याने चौदा टिकल्या दिल्या.

मग चाचांचा फोन आला.

"काय रं बेटा, चौदा जणांनी वळखलं म्हन की."

"हो, चाचा. सगळे बरोबर निघाले."

"म्हंजे मी एकलाच हरलो. मग यं रविवारी, नऊला. बोललोय तर बसवतो."

धवलला आनंद झाला, पण अर्धाच. त्याने भीत भीत विचारलं, "चाचा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "तीन सेकंदांत कळलं. मशीन हाय, पट्टा ढिला हाय, मानूस बिडी वढतोय. पर वर चौदा शानी मानसं राग म्हनत बसलेली. पंचेचाळीस वर्सांत पयल्यांदा मला माझ्याच कानाचा भरवसा वाटंना. म्हनून हरलो लिवलं."

फोन ठेवल्यावर धवलने ग्रुप उघडला. 'न्हाई सुटलं. हरलो.' या मेसेजवर त्याने हिरवी टिकली दिली. न्यायाने ती तिथंच हवी होती. मग त्याला रविवारची जवारी आठवली, आणि कुणी पाहायच्या आत त्याने ती काढून घेतली.