सव्वीस म्हंजे सव्वीस

जानेवारीत आमच्या इमारतीत सगळी माणसं स्वेटर घालतात. जनूनानांचा स्वेटर मात्र त्यांचा मासा घालतो. मी अतिशयोक्ती करणारा माणूस नाही. काचेच्या टाकीभोवती गुंडाळून मागे बाह्यांची गाठ मारलेला तो तपकिरी स्वेटर मी स्वतः पाहिला आहे. आणि शेजारी नाना, बनियनवर, कुडकुडत.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या दोघांच्या गॅलऱ्या शेजारी-शेजारी आहेत. मधलं अंतर चार फूट. त्यामुळे ही माहिती ऐकीव नाही.

टाकी दोन फूट बाय एक फूट. आत एकच चपटा एंजल मासा, आकाराने पापडाएवढा. मासा खरा सविताचा, म्हणजे नानांच्या मुलीचा. ती लग्न होऊन परदेशी गेली आणि जाताना सांगून गेली, "बाबा, पाणी सव्वीस डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका." नानींनी टाकी हॉलमधून हाकलली. गॅलरीत खाडीचा वारा येतो, पहाटे पारा सतरा-अठरापर्यंत उतरतो, आणि नानांचं वाक्य मात्र तेच: "सव्वीस म्हंजे सव्वीस."

हीटर लावून झाला होता. त्याचं बटण अडकलं आणि पाणी तेहतीसवर गेलं. मासा आडवा पडला. नानी म्हणाल्या, "आता चिच टाका, कालवन तयार हाय." मासा वाचला, पण नानांचा विजेवरचा विश्वास गेला. "बटनाला काय कलतं, भाऊ? त्याला का जीव हाय?"

मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. नाना खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातले. आंब्याची अढी घालावी तशी त्यांनी टाकी घातली. खाली पेंढा, तीन बाजूंना थर्माकोल, त्यावर गोणपाट, त्यावर स्वेटर, वरून गोधडी. श्वासासाठी चार बोटं फट. दर दोन तासांनी गरम पाण्याची एक बाटली आत तरंगत सोडायची आणि दहा मिनिटांनी काढायची. एका तासात एका डिग्रीपेक्षा जास्त चढ चालणार नाही. पेंढ्यात झुरळं झाली तेव्हा मी तक्रार केली. त्यावर नाना म्हणाले, "त्यांना पन थंडी वाजत आसंल."

नानींचा राग वेगळाच होता. "बेचालीस वर्सं संसार केला. माज्या गुडघ्याला कदी कोनी गोधडी गुंडालली नाय."

मी एकदा समजावलं. "नाना, मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे."

"म्हनून तर. त्याला सोताची ऊब नाय, भाऊ. दुसऱ्यानं द्यायला लागते."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

यंदा ऐन थंडीत त्यांच्या पुतण्याची हळद निघाली. सख्ख्या काकाने हळदीला न जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. तरी नाना जायला तयार नव्हते. शेवटी नानींनी दारातूनच मला हाक मारली, "भाऊ, ह्या पापलेटाला दोन दिस संबाला, नायतर मी त्याला तव्यावर घेते."

नानांनी किल्ली दिली. "तुमी आकड्यांचा मानूस. वहीत भरा बरोबर."

वही खिळ्याला टांगलेली होती. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात पाण्याचं तापमान: सव्वीस, सव्वीस, एकदा पंचवीस आणि त्याखाली दोन रेघा. तिसऱ्या रकान्याला नाव नव्हतं. त्यात वजा नऊ, वजा चौदा, वजा अकरा असे आकडे. मला हसू आवरेना. वसईत वजा चौदा झालं तर खाडीवरून पायी भाईंदरला जाता येईल! नाना गॅलरीतल्या हवेचं तापमान लिहीत असणार आणि चष्मा नसल्यामुळे काहीतरी भलतंच वाचत असणार, असा मी निष्कर्ष काढला. त्या रकान्यात मी गॅलरीचं खरं तापमान लिहिलं. दोन्ही दिवशी अठरा. टाकीशेजारी तडा गेलेला एक जुना मोबाईल कायम चार्जरला असे. तो मी उघडला नाही. दुसऱ्याचा मोबाईल उघडणं मला पटत नाही.

बाटल्या मात्र मी रात्रीसुद्धा गजर लावून बदलल्या. माझ्या बायकोने दोन दिवस माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. कानामागे अजून हळद होती. आधी गोधडी उचलून मासा पाहिला, मग पारा. "सव्वीस. शाब्बास, भाऊ!" मग वही घेतली. बोट तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

"अठरा?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तिकडं अठरा झालं? ऊन पडलं?"

"तिकडं म्हणजे कुठं?"

"कॅनडात. आमच्या सविताकडं. तिनं ह्या मोबाईलात तिच्या गावची हवा लावून दिली हाय. रोज बघतो नि लिवतो."

मला खरं सांगावंच लागलं. अठरा ही आपल्या गॅलरीची हवा, म्हणालो.

नानांनी मोबाईल उचलला, बनियनला पुसला, डोळ्यांजवळ धरला.

"वजा सोला," ते म्हणाले.

चुकीचा आकडा वहीत राहिला की मला चैन पडत नाही. मी खिशातून पेन काढलं. नानांनी वहीवर तळहात ठेवला.

"राहू द्या, भाऊ. दोन दिस तरी पोर उबेत होती म्हनायची."