अर्ध्या तिकिटाचा खोका

पतितपावन तलापात्र यांच्या मते कोलकात्यातले गुन्हेगार दोनच प्रकारचे होते: पकडले गेलेले, आणि अजून पतितपावन तलापात्रांच्या नजरेस न पडलेले. पहिल्या प्रकाराशी त्यांचा संबंध आला नव्हता, कारण ते काम पोलीस करत. दुसऱ्या प्रकाराशीही आला नव्हता, हे तर व्याख्येतच होतं. तरी त्यांच्या खिशातल्या कार्डावर ठळक अक्षरांत 'रहस्यभेदी' असं छापलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत 'दुपारी एक ते तीन विश्रांती'.

ट्रामच्या हरवले-सापडले खात्यात त्यांनी एकतीस वर्षं छत्र्या सांभाळल्या होत्या. छत्रीच्या मुठीवरून आपण मालकाचं चारित्र्य सांगू शकतो, असं ते म्हणत. मालक कोण, तेवढं मात्र सांगता येत नसे. त्यामुळे ते निवृत्त झाले तेव्हा खोलीत छत्र्यांना जागा उरली नव्हती, आणि सगळ्या मालकांचं चारित्र्य मात्र वहीत नीट लिहिलेलं होतं.

त्यांची सहायक म्हणजे त्यांची बायको शेफाली. तिची नेमणूक चौतीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात झाली आणि राजीनाम्याची पद्धत त्या खात्यात नव्हती.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आठला ही दोघं धरमतल्ल्याहून सुटणाऱ्या 'एका दिवसात कोलकाता' बसमध्ये चढली. जन्म बागबाजारात गेलेल्या माणसांनी पाहुण्यांच्या बसमध्ये कशाला बसावं? तर येत्या बुधवारी मुलगा त्यांना कायमचं बंगळूरला नेणार होता. सामान बांधून झालं होतं. या विषयावर नवराबायको आपसात एक अक्षर बोलली नव्हती. शेफालीने फक्त एवढंच म्हटलं होतं, की जायच्या आधी मला ममी बघायची आहे.

जादूघरातली, म्हणजे कोलकात्याच्या वस्तुसंग्रहालयातली ममी. चौथीत असताना शाळेची सहल गेली तेव्हा शेफालीला कांजिण्या आल्या. बाकीच्या मुली बघून आल्या आणि वर्षभर तिच्यापाशी त्या ममीच्या पायाच्या बोटांच्या बढाया मारत राहिल्या. लग्नानंतर तिने नवऱ्याकडे विषय काढला की तो म्हणे, "ममी कुठं पळून चाललीय?" हे उत्तर चौतीस वर्षं पुरलं. आता बुधवार तोंडावर आला होता, आणि बस तीन वाजता जादूघरापाशी थांबेल असं कागदावर लिहिलं होतं. पाचला दारं बंद होत.

बेलूर झालं, दक्षिणेश्वर झालं, बेलगाछियाचं जैन मंदिर झालं. गाईड होती सोहिनी कयाल नावाची तरतरीत मुलगी. नोकरीचा तिचा दुसरा महिना. मालकाने तिला बजावलं होतं, माणूस हरवला तर तूही हरवलीस असं समज. म्हणून ती दर थांब्यावर डोकी मोजी आणि दर वेळी अठ्ठावीस भरल्यावर देवाला हात जोडी. श्यामबाजारच्या खाणावळीत ती जेवणाची कूपनं नावं वाचून वाटायला लागली, आणि तिथं घात झाला. सत्तावीस कूपनं गेली. एक हातात उरलं.

"खोका," ती म्हणाली. "अर्धं तिकीट. खोका कुठंय?"

बंगालीत खोका म्हणजे बाळ. आपल्याकडच्या खोक्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगितलेलं बरं, नाहीतर वाचक उगाच सामान तपासत बसतील.

मागून कुणीतरी "हो दिदी" म्हणालं, पण त्या बसमध्ये सगळेच सोहिनीला दिदी म्हणत होते. तिने मान खाली घालून कमरेच्या उंचीवर मूल शोधलं. तेवढ्यात एक उंच म्हातारे गृहस्थ तिच्यासमोर येऊन उभे राहिले. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, त्यावर दुसरा मफलर.

"जेठू, जरा बाजूला होता का? मुलगा दिसत नाहीये मला."

जेठू, म्हणजे बंगालीत थोरले काका, बाजूला झाले.

"बसमध्ये सकाळपासून मूल बघितलंय का कुणी?" सोहिनीने विचारलं. कुणीच बघितलं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पतितपावनबाबूंचा मात्र उजळला. त्यांनी खुर्ची सरकवली, कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "योग्य माणूस योग्य जागी आहे."

"अहो, आधी जेवून घ्या," शेफाली म्हणाली.

"पण काका, डोकी अठ्ठावीसच आहेत," सोहिनी म्हणाली. "मूल नाही, तर मग जास्तीचा माणूस कोण?"

प्रश्न चोख होता. असे प्रश्न दुसऱ्याने विचारलेले पतितपावनबाबूंना आवडत नसत. त्यांनी कूपन न मिळालेल्यांना हात वर करायला सांगितलं. मघाच्या जेठूंनी हात वर केला.

"नाव?"

"भवतोष रक्षित. मला जेवण मिळालेलं नाही."

यादीत भवतोष रक्षित नव्हते. पतितपावनबाबूंनी भुवई उंचावली. ती खाली यायच्या आत बसचा ड्रायव्हर पांचू हात न धुता भाताच्या ताटावरून उठून आला.

"काका, तोंड सांभाळून. हे आमचे हेडमास्तर आहेत. मला सातवीत दोनदा बसवलंय सरांनी. ह्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर बस इथून हलायची नाही."

दोनदा नापास केलेला माणूस इतक्या अभिमानाने बोलतो म्हटल्यावर संशयाला जागा उरली नाही. "याचा अर्थ असा," पतितपावनबाबू म्हणाले, "की सरांचं नाव लिहायला कचेरी विसरली आणि मूल बसमधून हरवलं. दोन वेगळ्या गोष्टी. डोकी जुळली हा योगायोग. गुन्हेगारांना योगायोग फार आवडतात."

सर काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी पांचूकडे पाहिलं आणि मिटलेलं तोंड उघडलं नाही. खोकाची छोटी थाळी डब्यात बांधून घेण्यात आली. मूल सापडलं की भुकेलं असणार. सरांना कुणीतरी दोन संत्री दिली.

पहिला सिद्धांत: खोका जैन मंदिरातल्या तळ्यावर मासे बघत राहिला. बस उलटी फिरली. तळ्यापाशी मासे होते, खोका नव्हता. पतितपावनबाबूंनी माशांकडे संशयाने पाहिलं. शेफालीने घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन वाजले होते.

दुसरा सिद्धांत: अपहरण. संशयित, बराकपूरचे एक गृहस्थ, ज्यांनी सकाळपासून मांडीवरची मातीची हंडी खाली ठेवली नव्हती. हंडीचं तोंड फडक्याने बांधलेलं. ती सोडायला लावली, तर आत गुळाचे रसगुल्ले. पतितपावनबाबूंनी पुरावा चाखून पाहिला. एकावर निष्कर्ष निघेना म्हणून आणखी दोन चाखले.

"काका, हंडीत मूल मावेल का?" गृहस्थांनी कळवळून विचारलं.

"मावत नाही, हेच तर सिद्ध करतोय," पाक निथळत असताना ते म्हणाले.

तिसऱ्या सिद्धांतात आसनसोलचं नवविवाहित जोडपं अडकलं, कारण ते कुणाशीच बोलत नव्हतं. चौकशीत कळलं, की सकाळपासून ती दोघं एकमेकांशीही बोलत नव्हती. बेलूरला फोटो कुणी काढायचा यावरून बिनसलं होतं. एक खरं भांडण उघडकीला आणल्याचं समाधान पतितपावनबाबूंना मिळालं.

"मला भूक लागलीय," मागच्या सीटवरून सर म्हणाले.

"सर, इथं एक लेकरू हरवलंय," पतितपावनबाबू म्हणाले, "आणि तुम्हाला भाताचं पडलंय."

सरांनी मान खाली घातली. पुढं पांचू गाडी चालवता चालवता बाहीने डोळे पुसत होता. त्यालाही घरी एक खोका होता.

बस जादूघरापाशी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. सोहिनीला मालकाचा फोन आला. नावं जुळल्याशिवाय एकही माणूस आत सोडायचा नाही, साडेचारपर्यंत मूल सापडलं नाही तर पोलिसांत जायचं आणि तू उद्यापासून यायचं नाही. सोहिनी पायरीवर बसली आणि रडायला लागली. शेफालीचाही जीव गलबलला. त्या मुलीसाठी गलबलला, खोकासाठी गलबलला, आणि मनातल्या मनात लाज वाटत असूनही सगळ्यांत जास्त स्वतःसाठी. दार समोर होतं. दाराच्या आत ती होती.

"अहो," ती म्हणाली, "तोवर आपण ममी बघून येऊ या का?"

"खोकाची ममी?" पतितपावनबाबूंनी वही उघडली. "तू ओळखतेस तिला?"

"जादूघरातली. चार हजार वर्षांची."

"मग त्याची आई नसणार," असं त्यांनी लिहून घेतलं आणि ते फुटपाथवरच्या शेंगदाणेवाल्याची उलटतपासणी घ्यायला गेले.

शेफाली कठड्यावर जाऊन बसली. शेजारी रक्षित सर होते. संत्र्याची शेवटची फोड चघळत. त्यांच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. सरांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोन कायम मोठ्या आवाजावर असे.

"खोका," फोनमधून एक फार म्हातारा आणि फार कडक आवाज आला. "जेवलास का?"

शेफालीने हळूच मान वळवली.

"हो दिदी," सर म्हणाले.

"खोटं. आवाज खोल गेलाय तुझा. मफलर काढलास?"

"नाही दिदी. दोन्ही आहेत."

"छोटी थाळी दिली ना त्यांनी? मी मुद्दाम अर्धं तिकीट सांगितलं. अर्ध्या तिकिटाला बिनहाडाची कोंबडी देतात. तुला माशाचे काटे काढता येत नाहीत, हे बसवाल्यांना कुठं ठाऊक."

फोन बंद झाला. सर ताठ बसून समोरच्या ट्राफिककडे बघत राहिले. त्यांचं वय एकोणऐंशी होतं आणि ते या क्षणी पाच वर्षांचे दिसत होते.

"तुम्ही सांगितलं का नाही हो?" शेफालीने विचारलं.

"सांगणारच होतो," सर म्हणाले. "पण तो पांचू उठून आला. आमचे हेडमास्तर, म्हणाला. सगळ्यांसमोर. आता मी खोका म्हणून उभा राहू? नंतर तर सगळे रडायलाच लागले. रडणाऱ्या माणसांना कसं सांगायचं, की तुमचं बाळ मी आहे?" मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "ताई, त्याला कळू देऊ नका. एवढा एकच विद्यार्थी मला नमस्कार करतो."

घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सरळ मोठ्याने ओरडून सांगितलं असतं तर काम झालं असतं. शेफालीने म्हाताऱ्याच्या गळ्यातल्या दोन्ही मफलरांकडे पाहिलं. ती उठली, सोहिनीपाशी गेली आणि तिच्या कानाला लागली. सोहिनीने डोळे पुसले, सरांकडे पाहिलं, तोंडावर ओढणी धरली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग तिने सरांना हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं आणि सगळ्यांना जमवलं.

"खोका सापडलाय," ती म्हणाली. "सुखरूप आहे. दिदीपाशी आहे."

टाळ्या पडल्या. आसनसोलची नवरी नवऱ्याच्या गळ्यात पडली. पांचूने आकाशाकडे बघून हात जोडले आणि मग सवयीने सरांच्या पाया पडला. छोट्या थाळीचा डबा आता वायाच जाणार, म्हणून सोहिनीने तो सरांना दिला. आत बिनहाडाची कोंबडी होती, संदेश मिठाईचा छोटा तुकडा होता आणि एक लाल फुगा. सरांनी फुगा खिशात घातला.

"दिदीपाशी असणार, हे मी मघाशीच ताडलं होतं," परत आलेले पतितपावनबाबू म्हणाले. "चौथा सिद्धांत. फक्त बोललो नाही." मग त्यांनी सरांकडे रोखून पाहिलं आणि बायकोच्या कानात म्हणाले, "या माणसाचा त्या थाळीवर पहिल्यापासून डोळा होता."

पावणेपाचला शेफाली आत शिरली. हत्तींचे सांगाडे, मूर्ती, दगड सगळं मागे टाकत ती जवळजवळ धावत गेली. पतितपावनबाबू मागून धापा टाकत होते. त्या अंधाऱ्या दालनात रखवालदार सोडून कुणी नव्हतं. ती काचेवर हात ठेवून उभी राहिली. आत ती निवांत पडली होती, शेफालीला वाटलं होतं त्याहून बरीच लहान. पायाची बोटं दिसत होती. मुली खोटं बोलल्या नव्हत्या. शेफालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पतितपावनबाबूंनी तिच्याकडे वाकून पाहिलं. "धूळ," ते म्हणाले. पाणी थांबेना. "मग हवा. कोंदट आहे." तरी थांबेना. "मोतीबिंदू. डावा डोळा."

"मला बंगळूरला नाही जायचं," शेफाली म्हणाली.

पतितपावनबाबूंनी वही मिटली.

"पण सामान तर तू बांधलंस."

"तुम्ही माळ्यावरून ट्रंक काढून दिलीत म्हणून."

"मी काढली, कारण तू कपाट रिकामं करत होतीस. त्यावरून मी निष्कर्ष काढला, की तुला नातीकडे जायची घाई झालीय."

"कपाटात झुरळं झाली होती हो."

ते बाकावर बसले. आपली माकडटोपी काढून त्यांनी ती मांडीवर ठेवली. त्यांचं तोंड ओढल्यासारखं झालं होतं. "तीन महिने मला धड झोप नाही," ते म्हणाले. "मलाही नाही जायचं. मला वाटलं, तुझ्या सुखाच्या आड कशाला यायचं."

"झोप नाही ते मला ठाऊक होतं," शेफाली म्हणाली. "मला वाटलं, नवीन केस आहे."

"पाच वाजले," रखवालदार दारातून म्हणाला. "चला, बंद करायचंय."

पतितपावनबाबूंनी फोन काढला होता आणि मुलाचा नंबर लावून कानाशी धरला होता.

"ओ काका, इथं फोन चालत नाही," रखवालदार पुढं येत म्हणाला.

शेफालीने डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि ती त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली. "तपास चालू आहे."