अर्ध्या मिनिटाची बादली

"एकशे सव्वीस सेकंद!" डेलियानं घड्याळाची कळ दाबली. "एक बादली भरायला दोन मिनिटं आणि वर सहा सेकंद. तू जात नाहीस."

ग्रेडी घरासमोर डोक्याला हेल्मेट घालून, गुडघ्यापर्यंत ओला होऊन उभा होता. पुढ्यात त्याची लाल कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद उघडी होडी, तिच्यात बागेच्या नळीनं भरलेलं वीतभर पाणी, आणि ते पाणी उपसणारा विजेचा पंप. पंपाची धार बादलीत पडत होती, पण तिला धार म्हणणं धाडसाचं होतं.

"माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याची धार ह्याहून जोरात असते," शेजारचे मिस्टर एमोस कुंपणावरून म्हणाले. त्यांची कनू केव्हाच त्यांच्या पिकअपवर बांधून झाली होती. "आटप लेका, दोनला धरणाची दारं बंद होतील आणि नदी आटेल. मग काय नदीतले गोटे मोजत बसायचं?"

लेक हॅटीच्या जन्मापासून सात महिने ग्रेडी नदीवर गेला नव्हता. आजच्या शनिवारसाठी त्यानं महिनाभर भांडी घासली होती. बायकोची, डेलियाची, अट एकच होती. खळाळात उघड्या होडीत पाणी शिरतं, भरलेली होडी वळत नाही, आणि वल्हं मारणाऱ्याला उपसायला हात मोकळा नसतो. हे सगळं तिनं वाचलं होतं, दोनदा. तेव्हा पंपानं पाच गॅलनची बादली अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे, नाहीतर नदी नाही. हॅटी झोपेत मिनिटाला किती श्वास घेते हे मोजायला आणलेलं घड्याळ त्यामुळे आता बादलीच्या कामाला लागलं होतं.

"जाळीत काहीतरी अडकलं असेल," म्हणून ग्रेडीनं पंप उलटा केला. जाळीतून कुत्र्याचे केस निघाले, पाइनच्या काड्या निघाल्या, आणि एक भिजून फुगलेलं ओट्सचं कडं निघालं. हॅटी न्याहारीला खायची तसलं.

"हे माझ्या होडीत कसं आलं?"

"वाऱ्यानं," डेलिया म्हणाली आणि हॅटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. पहाटे पाचपासून पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

जाळी साफ झाली. बादली एकशे दहा सेकंदांत भरली.

"वायर बघ," मिस्टर एमोस म्हणाले. वायरींची टोकं हिरवी पडली होती. ग्रेडीनं ती छाटली, नवी जोडली आणि बटण दाबलं. पंप जोरात घोगरला, पण पाणी आधीपेक्षाही कमी आलं. हॅटीनं भोकाड पसरलं.

"उलटा फिरतोय तो," डेलिया म्हणाली. "लाल वायर काळीच्या जागी लावलीस."

"तुला कसं कळलं?"

"आवाज नेहमीचा नाही."

"नेहमीचा?" ग्रेडीनं मान वर केली. डेलिया घाईघाईनं हॅटीचं नाक पुसायला लागली.

वायरी सुलट केल्यावर एकाहत्तर सेकंद. ग्रेडीनं शेवटी बॅटरीला मीटर लावला आणि तिथंच उकिडवा बसला. "पार मेलीय! गुरुवारी रात्रभर चार्जरवर होती. त्यानंतर मी हातसुद्धा लावला नाही तिला."

"तुमच्या घरात काहीतरी वीज पितंय," मिस्टर एमोस म्हणाले. "मंगळवारी हिची मोटार सुरू होईना. मीच नाही का धक्का देऊन चालू करून दिली? थांब, माझ्याकडे एक जादा बॅटरी आहे, तुझ्यासारखीच."

ती जोडली आणि पंपाला कंठ फुटला. धार बादलीवर अशी आदळली, की तिघंही मागं सरले. बादली भरली, भरून वाहिली. ग्रेडीनं दोन्ही हात वर केले.

"किती? डेलिया, सेकंद किती?"

डेलियानं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या खांद्यावर हॅटी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

"छान," ग्रेडी कुजबुजला. "बंद करतो आणि निघतो."

"हात लावू नकोस!" ही सुद्धा कुजबुजच होती, पण मिस्टर एमोस दोन पावलं मागं गेले. "बंद केलास की उठेल."

"अगं, पण हा असाच किती वेळ चालणार? मिस्टर एमोस, ही बॅटरी टिकते किती?"

"दोन तास दहा मिनिटं," डेलिया म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे वळून पाहिलं. पंप तेवढा एकसुरात गुणगुणत होता.

"काल ती अजिबात झोपेना," डेलिया खालमानेनं म्हणाली. "मागं एकदा सहज पंप चालू केला होता, तर पाच मिनिटांत गप्प. म्हणून मग काल... पण पंप कोरडा नाही चालवला हं! पाणी घातलं होतं, आणि नळी आतच वळवली होती, म्हणजे तेच पाणी फिरत राहतं. मांडीवर घेऊन बसले होते तिला."

"गॅरेजमध्ये? होडीत?"

"लाइफ जॅकेट घालून," डेलिया दुखावल्यासारखी म्हणाली. "होडीत जॅकेटशिवाय बसायचं नाही, हा नियम कुणी केलाय?"

ग्रेडीनं नदीच्या दिशेला पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हेल्मेट काढायला लागला. सात महिन्यांत आणखी एक शनिवार, त्यात काय.

मिस्टर एमोसनी खाकरून हळूच म्हटलं, "माझी जुनी हिरवी होडी आहे. पंप नाही तिला. पण हे आहे." त्यांनी पिकअपमधून दुधाचा प्लास्टिकचा कॅन काढला. तळ तिरका कापलेला, मूठ शाबूत. "चाळीस वर्षं ह्याच्यावर काढली, पोरी."

डेलियानं कॅनकडे पाहिलं. इतर कुठल्याही दिवशी तिनं तो कचऱ्यात टाकला असता.

"उपसून दाखव," ती ग्रेडीला म्हणाली. "हळू. आवाज न करता."

ग्रेडीनं बादली धारेखालून ओढून रिकामी केली आणि कनूतलं पाणी कॅननं भराभर बादलीत ओतलं. डेलियाचा अंगठा घड्याळावर होता.

"सव्वीस," तिनं नाइलाजानं सांगितलं. "कॅनला दोरी बांध. प्रत्येक खळाळाखाली काठाला थांबूनच उपसायचं. आणि जा आता, दारं बंद होतील!"

हिरवी होडी पिकअपवर चढेपर्यंत डेलिया जॅकेट घालून, झोपलेल्या हॅटीला मांडीवर घेऊन लाल कनूत बसलीसुद्धा. पंपाची नळी तिनं सराईतपणे आत वळवली.

"दोन तास दहा मिनिटांनी काय करशील?" ग्रेडीनं पिकअपच्या खिडकीतून दबक्या आवाजात विचारलं.

डेलियानं शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मोटारीकडे मान वळवली. कनू मोटारीच्या अगदी नाकाशी होती. वायर पुरेल इतक्या अंतरावर.

पिकअप कोपऱ्यावर वळल्यावर ग्रेडीला मंगळवारची सकाळ आठवली, मोटार सुरू न झालेली.