सातव्या मजल्यावर बर्फ

आमचा एसी गेला तो रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. आधी खोकला, मग थरथरला, मग जळक्या रबराचा वास सोडून त्याने डोळा मिटला (हिरवा दिवा होता, तो विझला). आमच्या चोंगचिंग शहरात त्या दिवशी बेचाळीस अंश तापमान होतं, आणि पारा चाळिशीच्या वर जाण्याचा तो सलग अकरावा दिवस होता. मी मेकॅनिकला फोन लावला.

"नऊ दिवसांनी येतो," तो म्हणाला.

"नऊ दिवसांनी तू एसी दुरुस्त करायला येशील की आम्हाला खांदा द्यायला?"

"जे काम आधी निघेल ते," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी मू चंगफू. सरकारी गृहनिर्माण कार्यालयात सत्तावीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शिक्के मारतो. घरी आल्यावर मात्र कुठल्याही अर्जावर शेवटचा शिक्का माझ्या बायकोचा, शुयिंगचा. तिसरे घरात राहतात ते सासरे, तांगबाबा. वय एक्याऐंशी. उभं आयुष्य यांगत्से नदीवर बोट हाकण्यात गेल्यामुळे ते घरातसुद्धा पैलतीरावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. सव्वीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. 'तो शिक्केवाला' म्हणतात, तेही मी समोर बसलेलो असताना. पण मला ते आवडतात. माझ्या विनोदांना हसणारा घरात तो एकच माणूस आहे. (शुयिंगचं म्हणणं, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून हसतात.)

आदल्या दिवशी बाबा न्हाणीघरात भोवळ येऊन मटकन खाली बसले होते. विचारलं तर म्हणाले, "पडलो कुठे? फरशी गार आहे का बघत होतो." गल्लीच्या टोकाला डोंगराच्या पोटात लढाईच्या काळातला जुना भुयारी निवारा आहे. उन्हाळ्यात सगळी म्हातारी मंडळी तिथे गारव्याला जाऊन बसतात. पण बुद्धिबळातल्या एका हत्तीवरून बाबांचं तिथे सगळ्यांशी वाजलं होतं, आणि त्या भोकात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती.

एसी गेल्याची बातमी साडूच्या कानावर कशी गेली देव जाणे. साडेदहाला त्याचा फोन आला. माझा साडू पंग. टाइल्सचं दुकान, घरात तीन एसी, त्यातला एक म्हणे नुसत्या चपला ठेवायच्या खोलीत.

"मी चार वाजता गाडी घेऊन येतो," तो म्हणाला, "बाबांना आमच्याकडे नेतो. कायमचेच राहू देत. तुझ्या त्या भट्टीत म्हाताऱ्या माणसाचे हाल कशाला?"

फोन स्पीकरवर होता. बाबांनी वेताच्या खुर्चीतून गर्जना केली, "मी नाही जाणार! त्यांच्याकडे मिरची खात नाहीत! मागच्या खेपेला महिनाभर वाफवलेली कोबी खाल्ली मी! बैलसुद्धा रडला असता!"

"बाबा, हट्ट करू नका," शुयिंग म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. मग ती माझ्याकडे वळली. "तू नुसता बघत काय उभा राहिलायस? काल ते पडले. उद्या काही झालं म्हणजे?"

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "चार वाजेपर्यंत ही खोली गार करून दाखवतो."

"कशाने? शिक्के मारून?"

(हा विनोद मात्र बाबांना लगेच ऐकू गेला.)

माझ्या डोक्यात बर्फ होता. लहानपणी आमच्या शाळेत उन्हाळी परीक्षेला वर्गात बर्फाची लादी ठेवत. मी नदीकाठच्या मासळीबाजारातल्या बर्फ कारखान्याला फोन केला आणि चार लाद्या सांगितल्या. आता आमच्या बोलीत 'चार' आणि 'दहा' हे शब्द जवळजवळ सारखेच, फरक फक्त सुराचा. पलीकडे यंत्रांची घरघर, अलीकडे बाबांची. पलीकडचा माणूस ओरडला, "दहा?" मी ओरडलो, "हो, चार!" तो ओरडला, "तेच म्हणतोय, दहा!" आमचं अगदी एकमत झालं.

दीड वाजता मी खाली उतरलो तर टेम्पोतून दहा लाद्या उतरत होत्या. एकेक पंचवीस किलोची. रस्त्यावर मांडल्या आणि त्या लगेच रडायला लागल्या. मीही लागलो असतो, पण अंगात तेवढं पाणी शिल्लक नव्हतं. आमची इमारत आठ मजली. लिफ्ट नाही. आम्ही सातव्यावर.

नाक्यावर बांबूच्या कावडीने ओझी वाहणारा श्यांग हमाल सावलीत बसला होता. त्याने लाद्यांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, दोन-दोन करून मी चढवीन. पण पाचवी खेप होईस्तोवर वर बर्फ नाही, चहाचं पाणी पोचेल. तुम्हीही एक उचला."

मी टॉवेलात गुंडाळून एक लादी खांद्यावर घेतली. पहिल्या मजल्यापर्यंत मला स्वर्गसुख होतं. तिसऱ्यापर्यंत माझा खांदा मला सोडून गेला होता. सहाव्या मजल्याच्या वळणावर टॉवेल सरकला, लादी निसटली, धाडकन आपटली आणि जिन्यासमोरच्या उघड्या दारातून थेट ल्याव मावशींच्या घरात शिरली.

ल्याव मावशींबद्दल एवढंच सांगतो की, आमच्या इमारतीत चोर येत नाहीत याचं कारण कुलूप नव्हे. त्या आमच्या बरोबर खाली राहतात आणि माझ्या हातून वर चमचा पडला तरी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. मी दारात उभा राहून डोळे मिटून घेतले.

"कोण मेलं ते!" आतून आवाज आला. "कोणी फेकला हा धों..."

आवाज मध्येच थांबला. मी एक डोळा उघडला. लादी फरशीवरून घसरत जाऊन मावशींच्या खुर्चीला टेकली होती, आणि मावशींनी आपली दोन्ही पावलं हळूच तिच्यावर ठेवली होती. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं, मावशी."

"आता माझं झालं म्हण."

"तुमचं, मावशी."

"अजून आहे?"

"अजून नऊ आहेत. चारपर्यंत वर गेल्या नाहीत तर बाबांना साडू घेऊन जाणार, कायमचं."

मावशी उठल्या. "तांगला? त्या कोबी खाणाऱ्यांकडे?" झाडू घेऊन त्या जिन्यात आल्या, आणि जी हाक त्यांनी दिली ती बाबांच्या बोटीवरच्या भोंग्यालाही जमली नसती. "सगळे बाहेर या! घामेजून मरायचंय की बर्फ उचलायचाय? जो हात लावेल तो गारव्याला बसेल! जो नाही लावणार, त्याची गाठ माझ्याशी!"

दारं उघडली. बनियनमधले पुरुष आले, ओले फडके डोक्यावर घेतलेल्या बायका आल्या. पायरीपायरीवर माणूस उभा राहिला आणि लादी या हातातून त्या हातात वर सरकू लागली. श्यांग खालून नदीवरच्या नावाड्यांसारखा ठेका धरत होता, "हेय् हो! हेय् हो!" आणि त्या हाका ऐकून सातव्या मजल्यावरून बाबा कठड्यावर वाकून ओरडत होते, "ओढा! डावीकडे घ्या! प्रवाह जोरात आहे!" एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना पुन्हा बोट मिळाली होती. (मला मावशींनी रांगेतून बाहेर काढलं आणि नुसतं बाजूला उभं राहायचं काम दिलं. ते मी चोख केलं.)

तीन वाजता आठ लाद्या आमच्या बाहेरच्या खोलीत होत्या. नववी तिसऱ्या मजल्यावर फुटली, तिचे तुकडे सगळ्यांनी तोंडात टाकले. शुयिंगने घरातली झाडून सगळी भांडी आणली. कपडे धुवायची टोपली, लोणच्याची बरणी, पाय शेकायची बादली, सगळ्यांत बर्फ. मागे चार पंखे, त्यातले तीन शेजाऱ्यांचे. पारा आधी पस्तिशीला आला, मग तिशीला, आणि साडेतीनला शुयिंगने थर्मामीटर पुसून पुन्हा पाहिला. सव्वीस!

"सव्वीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "लाओ मू," म्हणजे 'माझे जुने मू', इतकंच म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज आमच्या लग्नानंतर बहुधा सुट्टीवर गेला होता.

बाबांनी फर्मान काढलं, "आता चूल पेटवा!"

तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्या गावात उन्हाळ्यावर उपाय एकच. लाल मिरच्यांचा रस्सा पातेल्यात रटरटत ठेवायचा आणि भोवती बसून त्यात जे हाती लागेल ते बुडवून खायचं. मावशींनी बैलाचं पोट आणलं, कोणी टोफू, कोणी कमळाचे कंद. मधोमध उकळतं पातेलं, भोवती बर्फ, बर्फाभोवती बावीस माणसं, प्रत्येकाचे पाय कुठल्या ना कुठल्या बादलीत. मावशींच्या छतातून आमचं पाणी ठिबकायला लागल्याचं मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठिबकू दे. पलंग त्याच्याखाली सरकवून आलेय."

बरोबर चारला दारावर टकटक झाली. दारात साडू उभा. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा रश्श्याच्या रंगाचा, सात मजल्यांनी तोंडातून शब्द काढून घेतलेला. बाबांनी मान न वळवता विचारलं, "कोण आहे? दार लावा आधी, गारवा बाहेर जातोय!"

साडूने आत पाऊल टाकलं आणि तो थबकला. त्याने एसी शोधायला भिंतीवर नजर फिरवली. मग बादल्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी खांद्यावर शाल घेतली होती. (खरं सांगायचं तर शालीची गरज नव्हती. ती खास साडूसाठी होती.)

"बाबा, गाडी खाली उभी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"उभी राहू दे. मी कुठे येत नाही. इथे माझा जावई आहे."

साडूला वाटलं, त्याच्याबद्दलच बोलतायत. "हो, मी आहेच की, म्हणूनच..."

"तू नाही रे. हा," असं म्हणून बाबांनी जेवायच्या काड्या माझ्याकडे रोखल्या. काड्यांत पकडलेला पोटाचा तुकडा माझ्या वाटीत टाकला. "हा चंगफू."

मी खाली मान घालून तो तुकडा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मिरची फार होती.

साडूला कोणीतरी खुर्ची दिली, कोणीतरी बादली. पाच मिनिटांनी त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर होती, दहा मिनिटांनी तो मिरचीने रडत तिसरी वाटी मागत होता. सहा वाजता मोठ्या मेहुणीचा फोन आला, "बाबांना कधी आणताय?" साडू म्हणाला, "बाबांचं जाऊ दे. मी आज इथेच जेवतो. आपल्याकडे मिरची का नसते गं?" त्यावर तिने काय उत्तर दिलं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याने दोन्ही पाय बादलीत आणखी खोल घातले.

इतका देखणा विजय मी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणूनच विजयी वीर या नात्याने मी सगळ्यांत मोठ्या टोपलीत पाय घालून, सगळ्यांत मोठ्या लादीला पाठ टेकून, संध्याकाळपर्यंत सत्कार स्वीकारत बसलो.

सोमवारी सकाळी मी गारठलो होतो. नाक चोंदलेलं, दात वाजतायत, पाठीला थंडीचे काटे. कार्यालयात रजा कळवली, कपाटातून हिवाळ्याचा कापूस भरलेला कोट काढला, गळ्याला मफलर गुंडाळला आणि दवाखान्याकडे निघालो. बाहेर त्रेचाळीस अंश.

नाक्यावर उष्माघात झालेल्यांच्या मदतीसाठी स्वयंसेवकांनी मांडव घातला होता. तिथल्या मुलीने मला येताना पाहिलं आणि तिच्या हातातला काढ्याचा पेला खाली पडला.

"धरा! धरा त्यांना! ऊन डोक्यात गेलंय!"

"नाही हो, मला सर्दी झालीय," मी म्हणालो. "थंडी वाजतेय. बर्फामुळे. सातव्या मजल्यावर बर्फ होता..."

"बरळतायत!" ती ओरडली.

दोघांनी मला बाकावर आडवं केलं, तिघांनी कोट ओढून काढला, आणि दोन्ही काखांत, मानेखाली आणि डोक्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. माझ्या खिशातला फोन काढून त्या मुलीने शुयिंगला लावला.

"ताई, तुमचे मिस्टर इथे आहेत. उन्हाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, भर उन्हात कोट घालून हिंडतायत आणि घरात बर्फ होता म्हणतायत. घाबरू नका."

पलीकडून शुयिंगचा शांत आवाज आला, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे सबंध मांडवाने तो ऐकला.

"उन्हाला दोष देऊ नकोस गं, बाळ. लग्नात मिळाले तेव्हापासून ते असेच आहेत."