बाबांची उजवी चप्पल

पंधरा वर्षं मी अबुधाबीत एसी विकतोय. समोरचा माणूस थंडीने कुडकुडत असला तरी त्याला दीड टनाचा एसी घ्यायला लावीन, असा माझा लौकिक आहे! तेव्हा आमच्या ऑफिसातल्या अजीजभाईंच्या मुलीला एक छोटीशी थाप पटवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

ही मुलगी, फिझा, चित्रकार. दुबईला, अल क्वोजच्या एका जुन्या वेअरहाउसमध्ये तिचं प्रदर्शन होतं. विषय, लहानपणीचे खेळ. लोकांची जुनी खेळणी आणि आठवणी गोळा करत ती अबुधाबीच्या खलिफा सिटीत आमच्या घरी आली. माझी थोरली बहीण सगुणाताई नुकतीच चिपळूणहून आली होती. माळा साफ करताना सापडलेली एक गाडी तिने बॅगेतून आणली होती. पत्र्याच्या डब्याची गाडी, चाकं रबरी चपलेची.

"काका, ही कुणी बनवली?" फिझाने विचारलं.

ताई आंघोळीला गेली होती.

"मीच!" मी म्हणालो. "आठ वर्षांचा होतो. चाकांसाठी बाबांची नवीकोरी उजवी चप्पल कापली. मार खाल्ला, पण रडलो नाही!"

फिझाच्या डोळ्यांत पाणी! तिने सगळं लिहून घेतलं आणि गाडी घेऊन गेली.

खरं म्हणजे गाडी ताईने बनवली होती.

उद्घाटनाला ताईला घरी ठेवायचा मी खूप प्रयत्न केला. "दीड तासाचा रस्ता आहे. कंटाळशील."

"माझी गाडी बघायला कंटाळीन? यल्ला!" ताई म्हणाली. यल्ला म्हणजे चला; आठवड्यात तेवढा एक अरबी शब्द ती शिकली होती.

तिथे गाडी काचेच्या पेटीत, वरून दिव्याचा झोत! खाली इंग्रजीत पाटी. माझी मुलगी इरा ती खणखणीत आवाजात वाचायला लागली. "मेड बाय सदानंद, एज एट. ही डिड नॉट क्राय. वॉव, बाबा!"

"काय लिहिलंय गं?" ताईने विचारलं.

"आत्या, इट सेज बाबा मेड इट."

ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. एवढ्या गार हॉलमध्ये मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात फिझाने माईक घेतला. "आता सदानंदकाका अशीच गाडी आपल्यासमोर बनवून दाखवणार आहेत!"

टेबलावर डबा, खिळे, हातोडी, कात्री आणि निळ्या चपला. समोर साठ माणसं, साठ मोबाइल!

मी कात्री चालवली. पहिलं चाक समोशासारखं झालं. दुसरं जरा बरं, म्हणजे शंकरपाळ्यासारखं. मग डब्यावर खिळा धरून हातोडी मारली, तर डबा उडाला आणि एका अरब पाहुण्याच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यावर आदळला! त्यांच्या हातातली कॉफीही कंदुऱ्यावरच. खलास!

"नो प्रॉब्लेम, हबीबी," ते बिचारे म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

फिझा हळूच म्हणाली, "काका, नक्की तुम्हीच बनवली होती ना?"

माझ्या आधी ताई पुढे आली. "त्यानेच बनवली गं. हात वळत नाही आता त्याचा. सर रे बाजूला."

तिने हातातली बांगडी काढली, चपलेवर ठेवली, भोवती पेनाने गोल काढला आणि दहा मिनिटांत गाडी तयार! सोडल्यावर ती हॉलभर पळाली, मागे सगळी पोरं!

ताई ओरडली असती तर चाललं असतं. पण तिने मला वाचवलं, ते मात्र सहन होईना. मी माईक ओढला.

"खोटं आहे! गाडी ताईची! मार तिने खाल्ला! बाबांकडे चुगली केली ती मी, आणि मग रडून गाडीही मीच घेतली!"

डोळे मिटून मी सगळ्यांच्या बोलण्याची वाट बघत राहिलो.

डोळे उघडले, तर सगळे ताईभोवती! ती जमिनीवर मांडी घालून बसलेली, गाडीसाठी पोरांची रांग लागलेली. मान वर न करता ती म्हणाली, "चुगली तूच केलीस ते मला तेव्हाच कळलं होतं. ती कात्री दे इकडे."

मी कात्री दिली. तिथेच उभा राहिलो, मान खाली घालून. फिझाने माझ्या कोपराला हात लावला. मला वाटलं, आता धीर देईल.

"काका, जरा मागे सरता? तुम्ही फोटोत येताय."